फुगलेलं ठेवायचं नाही

मागच्या दिवाळीत तुम्ही जो फटाका उडवलात, त्यात दारू भरणाऱ्या बाईला भाकरीची चव कशी लागते, हे तुम्हाला माहीत आहे का?

गंधकासारखी लागते. माझी मामी सांगते. हात साबणानं धुवा, राखेनं घासा, लिंबू चोळा. पहिला घास गंधकाचा, दुसरा जरा कमी गंधकाचा, आणि भाजी चांगली झाली असेल तर तिसरा भाजीचा. लग्न होऊन तेरखेड्यात आल्यापासून मामीनं दर हंगामाला दारू भरली आहे. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. तक्रारी आमच्या घरी असायच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी. तिथं त्या छापून मिळायच्या.

वडील धाराशिवला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. कामगारांची, पाण्याची, अंगात येण्याच्या विरोधातली, शाळेच्या फीच्या विरोधातली. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. फडताळात पत्रकं अंथरलेली, लोणच्याच्या बरणीखाली पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी पत्रक. माझ्या हातात पाटीच्या आधी पत्रक आलं. अननस आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे मी अक्षरं ‘अन्याय’पासून शिकले. याचा परिणाम असा की मला अजून साधं बोलता येत नाही. आईकडं चहा मागायचा असला तरी मी आधी परिस्थिती मांडते, मग कारणं देते, मग मागणी करते. आई तोवर चहा गाळून पुढं ठेवते.

एमएस्सीला मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. वडिलांना वाटलं होतं वकिली घेईन. मी त्यांना सांगितलं, जिवाणूंची संख्या जास्त आहे आणि त्यांच्या बाजूनं कुणी लिहीत नाही. त्यांना ते पटलं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता. मातीत आणि ओढ्याच्या गाळात राहणारा एक जिवाणू आहे. तो हायड्रोजन वायू खातो. खातो म्हणजे त्यावर जगतो. हायड्रोजन हे त्याचं सरपण. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो त्या सरपणावर आपलं अंग तयार करतो, आणि ते अंग वाळवलं तर त्यात बरंचसं प्रथिन निघतं. कोंबडीला घालता येतं, माशांना घालता येतं. हायड्रोजन तरी कुठून आणायचा? पाण्यातून. पाण्यात दोन पट्ट्या सोडून सोलरची वीज दिली की एका पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. म्हणजे पाणी, ऊन, हवा आणि चिमूटभर खतासारखे क्षार. एवढ्यावर खाद्य.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही असं मी लिहिणार नाही. मला झोप आली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार आला तो असा: हा जिवाणू सातबारा मागत नाही. आमच्या जिल्ह्यात ज्याला जमीन नाही त्याच्या ताटात डाळ पातळ असते, आणि ज्याला जमीन आहे पण पाणी नाही त्याच्याही ताटात ती पातळच असते. हा प्राणी दोघांच्याही बाजूचा आहे. त्याला फक्त एक बरणी द्यायची.

कॉलेजमध्ये सरांना मी हे सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हायड्रोजन? या इमारतीत?”

“थोडासा, सर.”

“या इमारतीत गॅसवर चहा करायचीही परवानगी नाही.”

चहा तेव्हा बाजूच्या खोलीत गॅसवर उकळत होता. सरांनी दार लोटून घेतलं. “बाहेर कुठं जागा असेल तर बघ,” ते म्हणाले. “लांब, एकटी, जाड भिंतींची, हलक्या छपराची खोली. माणसांची ये-जा कमी असेल अशी. अशी खोली कोण बांधतं, मला माहीत नाही.”

मला माहीत होतं. माझं आजोळ तेरखेड्याचं.

तेरखेड्याबाहेर माळावर मामांच्या फटाके बनवायच्या तीन खोल्या आहेत, एकमेकींपासून लांब. भिंती जाड, छप्पर हलकं, दारं दोन, म्हणजे काही झालं तर भिंतीनं तग धरावी, छपरानं निघून जावं आणि माणसानं कुठल्याही बाजूनं पळावं. दारात पाण्याचं घमेलं. आत जाण्याआधी हातपाय ओले करायचे, अंगावरची वीज उतरावी म्हणून. मोबाइल पिशवीत घालून बाभळीला टांगायचा. नायलॉनची साडी चालत नाही, चप्पल चालत नाही. आत कुणी मोठ्यानं हसत नाही. मनाई नाही, सवय नाही. तीनपैकी मधली खोली त्या उन्हाळ्यात रिकामी होती.

मी मामांसमोर परिस्थिती मांडली, कारणं दिली, मागणी केली. मामा सुपारी कातरत होते. उत्तर मामीनं दिलं. ती भाकरी थापत होती आणि वर न बघता म्हणाली, “खोली हिला द्या. आन् मला औंदा दारू भरायची न्हाय. मी हिच्या बरणीपशी बसते.”

मामांची सुपारी कातरायची थांबली. “का गं? आजवर भरलीस की.”

“आजवर भरली. आता एक हंगाम भाकरीला भाकरीची चव लागू द्या.”

घरात असा ठराव कुणी पूर्वी मांडलेला नव्हता. मामा वाईट माणूस नाहीत. त्यांनी निवाडा दिला. “पोळा झाला की काम चढतंय. पोळ्यापतुर ठिव तुजी बरणी. काय निघालं त्यातनं, तर खोली तुजी आन् ही तिथं बसंल. न्हाय निघालं तर खोलीत दारू, आन् ही दारूला. व्हय का न्हाय?”

“व्हय,” मामी म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

आषाढात मी बरणी बसवली. मोठी काचेची बरणी, त्यात क्षारांचं पाणी, त्यात जिवाणू जतन करणाऱ्या पुण्याच्या एका संग्रहातून मागवलेला आमचा जिवाणू. हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप. कार्बन डायऑक्साइडसाठी शेजारी एक बाटली, तिच्यात गूळपाणी आणि यीस्ट, ते आंबत राहायचं आणि वायू बरणीत यायचा. छपराबाहेर सोलरचं पॅनल. हायड्रोजन वेगळ्या भांड्यात तयार व्हायचा आणि पाण्यात पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यात साठायचा. वायू भरला की डबा वर उचलला जायचा, बरणीत गेला की खाली बसायचा. डब्याच्या डोक्यावर एक लाल नळ होता, त्याची नळी छपराबाहेर काढलेली. कधी जास्त झालंच तर सोडून देण्यासाठी.

मामीचं काम ठरलं. पॅनल पुसायचं, गूळपाणी बदलायचं, बरणी बघायची आणि मला फोन करायचा. जिवाणू वाढले की पाणी गढूळ होतं, आधी धुक्यासारखं, मग ताकासारखं. तसं झालं की जिंकलो.

आता पत्रकाचा भाग. शेजारी हायड्रोजन ठेवायचा आणि आजूबाजूला काम करणाऱ्यांना सांगायचं नाही, हे माझ्याच्यानं झालं नसतं. कारखानेवाले असं करतात. मी पत्रक काढलं. मथळा होता: ‘तुमच्या शेजारच्या खोलीत काय आहे? जाणून घेणं हा तुमचा हक्क आहे!’ त्यात मी सगळं लिहिलं. वायू ज्वालाग्राही आहे. हवेपेक्षा हलका आहे, वर जातो. डब्यात साठतो. डबा वर आलेला दिसला की तो भरलेला आहे असं समजावं. लाल नळ उघडल्यास वायू छपराबाहेर निघून जातो. शेजारच्या खोल्यांवर, वस्तीवर, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः जाऊन पत्रकं वाटली. लोकांनी ती वाचली. तेरखेड्यात पेटणाऱ्या वस्तूबद्दलचं लिखाण लोक मन लावून वाचतात. एवढे वाचक माझ्या वडिलांना आयुष्यात मिळाले नव्हते.

शेजारच्या खोलीवर वाती वळणारी एक काकू आहे. तिनं पत्रक दोनदा वाचून घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, “हवेतनं पीठ व्हतंय म्हन की.”

“पीठ म्हणजे, वाळवल्यावर.”

“मग गिरनीवाल्याला आधी सांग. त्येनं उगं नवा पट्टा घेतलाय.”

मी धाराशिवला परतले आणि फोनची वाट बघू लागले. फोन रोज यायचा.

“बाय, मी बोलतीय.”

“मामी, पाणी कसंय?”

“निवळशंख.”

पहिले काही दिवस मला काळजी वाटली नाही. जिवाणू नव्या जागी रुळायला वेळ घेतात, नोकरीवर नव्यानं रुजू झालेल्या माणसासारखे. पण आषाढ सरला, श्रावण लागला, आणि फोनवर मामीचा आवाज रोज थोडा खाली येऊ लागला. “आजबी निवळशंखच हाय गं.” एकदा तर ती नुसती फोन धरून राहिली. मी विचारलं, “निवळशंख?” ती म्हणाली, “तळ दिसतोय.”

मी बसनं जायचे, येरमाळ्याचा घाट चढून, पिशवीत साबण आणि रबरी नळ्या घेऊन. गेल्यावर बघावं तर डबा खाली बसलेला. वीज आहे, बुडबुडे आहेत, हायड्रोजन तयार होतोय, पण साठत नाही आणि बरणीत पोचत नाही. म्हणजे गळती. मी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. फेस फुगला की तिथं गळती, अशी साधी युक्ती. फेस कुठंच फुगला नाही. मी नळ्या बदलल्या. सायकलची ट्यूब कापून बांधली. एम-सील लावलं. क्षारांवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, श्रावणातल्या ढगांवर घेतला, पुण्याच्या संग्रहावर घेतला. एका रात्री मी ‘ग्रामीण विद्यार्थ्यांना निकृष्ट जिवाणू का?’ असं पत्रकही लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही हे बरं झालं, कारण जिवाणू उत्तम होते. उपाशी होते.

एक दिवस कॉलेज अचानक सुटलं आणि मी न कळवता तेरखेड्याला गेले. मामी गूळ आणायला गावात गेली होती. मी हातपाय ओले करून आत शिरले आणि ब्रश नि साबण घेऊन टेबलाखाली पालथी पडले, नळीचा खालचा जोड तपासायला. डबा त्या वेळी बऱ्यापैकी वर आलेला होता. मला आनंद झाला.

तेवढ्यात दारात घमेल्याचं पाणी वाजलं. दोन अनवाणी पाय आत आले. माळावर शेळ्या चारणारा एक म्हातारा आहे, त्याचे. पाय टेबलापाशी थांबले. वर लाल नळ फिरल्याचा आवाज झाला, मग ‘सूं’ असा आवाज, मग नळ बंद. म्हातारा “हां” म्हणाला आणि गेला. डबा थोडा खाली आला.

मी बोलणार होते, पण पुन्हा पाणी वाजलं. या वेळी जोडवी होती. वातीवाली काकू. नळ, सूं, बंद. “माय गं,” असं सुटकेनं म्हणून ती गेली. डबा आणखी खाली.

तिसऱ्या वेळी मामांचे पाय आले. हे पाय मी ओळखते. नळ, सूं. नळ बंद करता करता त्यांना माझा साबण दिसला.

“कोन हाय खाली?”

“मी आहे, मामा.”

“तिथं काय करायलीस?”

“गळती शोधतेय.”

“घावली का?”

“हो,” मी म्हणाले. “घावली.”

मी बाहेर आले. मामा मुळीच ओशाळले नव्हते. ते नळाकडं बघत म्हणाले, “फुगला होता.”

“मामा, तो फुगायलाच ठेवलाय.”

“आपल्यात फुगलेलं ठिवत न्हाईत.”

त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. या माळावर कुणी कधी काही साठू दिलेलं नाही. कुटलेली दारू खोलीत साठू द्यायची नाही, सांडलेली तशीच राहू द्यायची नाही, भरलेला माल रात्री आत ठेवायचा नाही, उन्हात तापलेलं भांडं झाकून ठेवायचं नाही. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि मी त्यांना छापून कळवलं होतं की इथं एक पेटणारी गोष्ट डब्यात साठते, आणि ती सोडून द्यायचा नळ लाल रंगाचा आहे.

“पण पोळ्याची अट तुम्हीच घातलीत,” मी म्हणाले. “वर तुम्हीच गॅस सोडताय?”

“अट न्यारी, गॅस न्यारा. आन् म्या काय सगळा सोडत न्हाय. जाता-येता इलुसा.”

“काकूपण सोडते. शेळ्यावाले आजोबापण सोडतात.”

मामांना हे नवीन होतं. प्रत्येकाला वाटत होतं की हे काम आपण एकटाच करतो आणि बाकीचे निष्काळजी आहेत. “म्हातारा सोडतोय?” ते म्हणाले. “शाना हाय.”

मामी गूळ घेऊन आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, रागानं, क्रमानं, कुणाचं नाव न वगळता. मला वाटलं ती चिडेल. तिचा हंगाम पणाला लागला होता. मामी गूळ खाली ठेवून लुगड्याला हात पुसत राहिली. मग म्हणाली, “मी तर रोज दोनदाच सोडते.”

“मामी!”

“घरी जाताना. भरलेलं तसंच टाकून उठायचं न्हाय, सासूबाईंनी शिकीवलंय.”

“अहो, मग पाणी निवळशंखच राहणार ना! खोली जाईल. तुम्ही पुन्हा दारूवर बसाल.”

“बसंन,” मामी म्हणाली. “खोली गेली तर दारूवर बसंन. खोली उडाली तर कशावर बसू?”

डबा नीट होता, नळ्या नीट होत्या, खोली उडणार नव्हती. हे मी तिला पटवून देऊ शकत होते, आणि तिनं मान डोलावली असती, आणि घरी जाताना नळ सोडला असता.

मी वडिलांना फोन केला. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ‘लाल नळास हात लावू नये’ असं एक कडक पत्रक काढायचा माझा बेत होता. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. “लोकांना सगळं खरं सांगायचं,” ते म्हणाले, “आणि लोकांनी ते वाचून तसं केलं की त्यांच्यावर रागवायचं. हे कुठल्या पत्रकात बसतं?”

“बाबा, पण त्यांनी चुकीचं केलं.”

“केलं. आता तू काढ त्यांच्याविरुद्ध पत्रक. वाचणार तेच आहेत.”

पत्रक निघालं नाही. तरीही सांगते, पहिलं पत्रक मी पुन्हा काढलं असतं. शब्दसुद्धा बदलला नसता.

दुसरा मार्ग होता. पट्ट्या वेगळ्या भांड्यात न ठेवता सरळ जिवाणूंच्या बरणीतच सोडायच्या. वायू जिथं तयार होईल तिथंच खाल्ला जाईल. उरेल तो पंपाच्या हवेच्या झोतासोबत उघड्या नळीनं छपराबाहेर. पंप आणि पट्ट्या एकाच तारेवर, म्हणजे पंप थांबला तर वायूही थांबला. साठायला जागाच नाही. मी हे आधी वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं, कारण तशा बरणीत जिवाणू सावकाश वाढतात.

“वाढ कमी होईल,” सर म्हणाले.

“आत्ता शून्य आहे, सर.”

“त्यापेक्षा जास्त होईल,” सरांनी मान्य केलं.

मी डबा काढून टाकला. लाल नळ काढून टाकला. तुम्हाला वाटेल इथं गोष्ट मार्गी लागली. मलाही वाटलं. पण मामीनं नवी मांडणी बघितली, सगळं समजून घेतलं आणि विचारलं, “मग आता उघडायचं काय?”

“काही नाही. आपोआप जातंय.”

“आपोआप,” मामी म्हणाली. तिचा ‘आपोआप’वर विश्वास नाही.

पुढचे काही दिवस लोक येत राहिले. हात ओले करायचे, आत यायचे, टेबलाकडं बघायचे, नळ नाही असं दिसल्यावर थोडा वेळ उभे राहायचे आणि अस्वस्थ होऊन निघून जायचे. काकूनं मामीला सांगितलं की तिला वाती सरळ वळता येईनात. मामांनी तर एका दुपारी पॅनलची तारच काढून ठेवली. “जरा इसावा दिला,” ते म्हणाले.

तेव्हा मी जुना लाल नळ भिंतीवर खिळ्यानं ठोकला. त्याला नळी नाही, काही नाही. मामीला म्हटलं, हा घ्या. पण फसवणूक मला जमत नाही. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हा नळ कशालाही जोडलेला नाही’, आणि नळाशेजारी चिकटवलं. आता उपयोग होणार नाही हे मला कळत होतं, पण जे खोटं आहे त्याच्या शेजारी खरं लिहिलेलं असावं.

शेळ्यावाला म्हातारा आला. त्यानं पुठ्ठा अक्षर जुळवत वाचला. नळ उघडला, थोडं थांबला, बंद केला. “हां,” म्हणाला आणि गेला. काकूनं तेच केलं. मामांनी पुठ्ठा वाचून मला विचारलं, “मग हे ठोकलंय कशाला?” आणि उत्तर यायच्या आत नळ उघडून बंद केला. तारेला त्यानंतर कुणी हात लावला नाही.

पोळा जवळ आला होता. मी रोज फोनची वाट बघायचे, फोन आला की उचलायला भ्यायचे.

“बाय.”

“मामी, निवळशंख?”

मागं माळावरचा वारा ऐकू येत होता. ती बाभळीखाली उभी असणार.

“न्हाय,” ती म्हणाली. “तांदूळ धुतल्यावानी.”

दोन फोननंतर ते ताकासारखं झालं. मी कॉलेजमध्ये होते. मला काहीतरी घोषणा द्यावीशी वाटली, पण ग्रंथालय होतं.

पोळ्याच्या आधी मी बरणीतलं पाणी कॉलेजात नेलं, गरगर फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या यंत्रात घातलं आणि जो फिकट पिवळा लगदा निघाला तो तापवून ताटलीवर वाळवला. वाळल्यावर त्याचा रंग बेसनासारखा झाला. तो मी तेरखेड्याला नेला आणि खोलीच्या दारात मामांच्या पुढं ठेवला. साधारण एका वाटीच्या तळाशी बसेल एवढा होता.

मामांनी ताटली उन्हाकडं धरली. “एवढंच?”

“एवढंच.”

“समदा श्रावन?”

“निम्मा श्रावण तुम्ही सोडून दिलात, मामा.”

त्यांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काकू बोट बुडवून चाखायला निघाली होती. मी तिचा हात धरला. माणसानं खायचं नाही, अजून तपासलेलं नाही, कोंबडीपुरतं आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “कोंबडीला तपासलेलं लागत न्हाय व्हय?” मुद्दा बरोबर होता. मी मान्य केला.

मामीनं ते भरडात कालवून कोंबड्यांना टाकलं. कोंबड्यांनी ते खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं, आणि सगळ्या चालत-फिरत होत्या. मामी मामांकडं बघत उभी राहिली.

“कोंबडीचं काय,” मामा म्हणाले. “कोंबडी थर्माकोलबी खाती.”

“अहो, तुमी काय म्हनला होता?” मामीनं विचारलं. “काय निघालं तर, म्हनला होता. किती निघालं तर, असं म्हनला न्हवता.”

मामांनी अडकित्ता उचलला. ते शब्दाचे पक्के आहेत आणि ते त्यांना अडचणीचं जातं. शेवटी त्यांनी खरं कारण सांगितलं. “लोक इचारत्यात, मालकीन कुठं हाय यंदा? मी काय सांगू? हितं परतेकाला नाव हाय. ती वातीवाली, ती नळीवाली, ही दारूवाली. हिला काय म्हनायचं? बरनीपशी बसती, म्हनू? बसनं म्हंजे काम हाय का?”

“ती जिवाणू वाढवते असं सांगा.”

“तेरखेड्यात उभं ऱ्हाऊन मी सांगू, माजी बायकू जंतू वाढवती?”

मामी फिस्सकन हसली. त्या खोलीच्या दारात मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. मामांनाही हसू आलं, पण त्यांनी ते सुपारीत दाबलं.

“दिवाळीपतुर बघू,” ते म्हणाले. “पर एक सांगतो. ही तुजी हौस हाय, असं मी धरून चाललोय. भाची आली, बरनी ठिवली, मामी बसली. तुज्याबिगर दुसऱ्या कुनी येऊन हिला तिच्या कामाचं इचारलं, तर मी मानंन हे काम हाय म्हनून. न्हाय तर दिवाळीनंतर खोलीत दारू.”

आत्ता हंगाम जोरात आहे. डाव्या-उजव्या खोल्यांत दारू भरली जाते आहे, आणि मधल्या खोलीत मामी पॅनल पुसते, गूळपाणी बदलते, बरणीचा रंग बघते आणि दुपारी तिथंच बाभळीखाली भाकरीचं फडकं सोडून बसते. पहिला घास भाकरीचा लागतो, असं ती म्हणाली. ठेचा असला की पहिलाही ठेच्याचा. मी दर आठवड्याला जाते. माझ्या तिथं जाण्याला मामा किंमत देत नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर बरोबर आहे, मी घरची.

तेव्हा मागणी एकच आहे आणि ती तुमच्याकडं आहे. फटाके घ्यायला तुम्ही दिवाळीआधी तेरखेड्याला येणारच. घ्या न घ्या, तो वेगळा वाद, त्यावर माझं वेगळं पत्रक आहे. पण रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवर विचारा, हवा खाणाऱ्या जिवाणूंची खोली कुठं आहे. माळाकडं बोट दाखवतील. मोबाइल बाभळीला टांगा, हातपाय ओले करा. मामा बाहेर सुपारी कातरत बसलेले असतील. त्यांच्याशी बोलू नका. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मामीला विचारा, “तुम्ही इथं काय काम करता?” आणि ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या. ती घाई करत नाही.